जुनं कॅबिनेट गंजलं, मशीन मात्र धड आहे: डेस्कटॉप स्वतः हलवताना

प्रश्न गोव्यातल्या मोरजीहून आला आहे. घरी असेम्बल केलेला डेस्कटॉप, सहा-सात वर्षांचा. मायक्रो-एटीएक्स (म्हणजे छोट्या मापाचा) मदरबोर्ड, प्रोसेसरवर उंच टॉवर कूलर, ग्राफिक्स कार्ड, एक साटा (केबलने जोडायची) एसएसडी आणि एक जुनी हार्ड डिस्क. मशीन व्यवस्थित चालतं, पण कॅबिनेट मागून आणि खालून गंजलंय, पुढचे यूएसबी पोर्ट मेलेत. दुकानात दिलं तर चार दिवस ठेवून घेणार, आणि होमस्टेचे हिशेब व मुलीचा अभ्यास त्याच मशीनवर चालतो. नवीन कॅबिनेट आणून सगळं स्वतः हलवता येईल का, काय बिघडू शकतं, आणि विंडोज परत टाकावं लागेल का?

हलवता येईल. विंडोज परत टाकावं लागणार नाही, कारण त्याचं लायसन्स मदरबोर्डाशी बांधलेलं असतं आणि मदरबोर्ड तोच राहतोय. एक चांगला स्टार स्क्रू ड्रायव्हर, रिकामं टेबल आणि रविवारची सकाळ ते दुपार एवढं पुरे. या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर माझं एक ठाम मत झालंय: लोक प्रोसेसर आणि रॅमला भितात, आणि या कामात त्यांना हातच लावायचा नसतो. प्रोसेसर, कूलर, रॅम, थेट बोर्डावर बसणारी एम.२ एसएसडी असेल तर तीही, हे सगळं बोर्डावर आहे तसंच ठेवून बोर्ड एकसंध उचलायचा आणि दुसरीकडे बसवायचा. नुकसान होतं ते भलतीकडेच: बोर्डाखालचे छोटे पितळी खांब म्हणजे स्टँडऑफ, एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) केबली आणि यूएसबी ३ चं जाड कनेक्टर. त्या तिघांबद्दल खाली सविस्तर लिहितो.

तुमचं मशीन असेम्बल केलेलं आहे म्हणून हे सांगतोय. कंपनीचा तयार टॉवर असता तर मी आधी थांबवलं असतं. त्यात बोर्डाची भोकं, एसएमपीएसची पिन आणि पुढच्या बटणाची जोडणी पुष्कळदा त्या कंपनीची स्वतःची असते आणि बाजारातल्या कॅबिनेटमध्ये ती बसत नाही.

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी मात्र कॅबिनेट का गंजलं ते बघा. नाहीतर नवीनही तीन-चार पावसाळ्यांत तसंच होईल. मोरजीत समुद्र हाकेवर. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की त्याच्याबरोबर मिठाचे बारीक कण घरात येतात आणि कॅबिनेटचे पंखे ते आत ओढून घेतात. कोरड्या दिवसांत हे मीठ धुळीत नुसतं पडून असतं, त्रास देत नाही. पण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी शोषून घेतं आणि त्यातच विरघळतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे पावसाळाभर पत्र्यावर आणि बोर्डावर खाऱ्या पाण्याचा एक थर बसलेला असतो, डोळ्यांना न दिसणारा. तो लोखंड खातो, आणि खारं पाणी वीज वाहून नेतं म्हणून बोर्डावरच्या जवळजवळच्या पिनांमध्ये नको तिथे वाटही काढतो. तुमचे पुढचे यूएसबी पोर्ट बहुधा यानेच गेलेत.

गंज कुठून सुरू झालाय ते नीट पाहा. कॅबिनेटच्या पत्र्याला बहुधा जस्ताचा मुलामा असतो आणि वर पावडर कोटिंग. पण पत्रा जिथे कापलाय, भोक पाडलंय किंवा स्क्रूने आटे पाडलेत, तिथे लोखंड उघडं पडतं. म्हणून मागचे स्क्रू, स्लॉटच्या पट्ट्या आणि खालचे पाय यांच्यापासून सुरुवात होते. खालचा गंज तर रोजच्या लादी पुसण्याचा. ओला मॉप कॅबिनेटच्या कडेला लागतो, पाणी खाली शिरतं आणि तिथे वारा नसल्यामुळे सुकत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक कारण असावं असं मला वाटतं. पावसात होमस्टेला गिऱ्हाईक नाही म्हणून मशीनही आठवडेच्या आठवडे बंद राहत असेल. चालू मशीन आतून गरम असतं, त्यामुळे आतली हवा बाहेरच्यापेक्षा कोरडी राहते. बंद पडून राहिलेलं मशीन ओल धरतं. पावसाळ्यात काम असो वा नसो, रोज तास-दोन तास ते चालू ठेवा. नवीन कॅबिनेट पश्चिमेच्या खिडकीपासून लांब, लादीपासून निदान अर्धा फूट वर, लाकडी स्टुलावर ठेवा. भिंतीला चिकटवू नका. चिऱ्याच्या भिंती पावसात घाम सोडतात.

आता कॅबिनेटची निवड. एटीएक्स हे माप इंटेलने १९९५ साली आणलं आणि बोर्डाच्या भोकांच्या जागा तेव्हापासून ठरलेल्या आहेत. त्यामुळेच एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ × २४४. तुमचा बोर्ड दोन्ही प्रकारच्या कॅबिनेटमध्ये बसेल, म्हणून बोर्डाची चिंता नको. मोजायच्या त्या बाकीच्या गोष्टी: कूलरची उंची, ग्राफिक्स कार्डाची लांबी, एसएमपीएसची लांबी. टॉवर कूलर बहुतेक १५५ ते १६० मिलिमीटरच्या आसपास असतात आणि अरुंद कॅबिनेटची बाजू लावताना काच त्यांच्यावर टेकते. कॅबिनेटच्या माहितीत कूलर आणि कार्ड यांना किती जागा आहे ते मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. तुमच्या मापापेक्षा वीसेक मिलिमीटर जास्त असेल तरच घ्या. पुढे पंखा बसणार असेल तर त्याची २५ मिलिमीटर जाडी कार्डाच्या जागेतून वजा करायला विसरू नका.

तुमच्याकडे जुनी हार्ड डिस्क आहे म्हणून एक खास सूचना. हल्लीच्या पुष्कळ कॅबिनेटमध्ये साडेतीन इंची डिस्कला जेमतेम एक जागा असते, काहींत तीही नाही, आणि डीव्हीडी ड्राइव्हची खिडकी तर जवळजवळ गेलीच. फोटो पाहून भुलू नका, जागा मोजा.

काचेच्या बाजूचं कॅबिनेट घ्यायचं असेल तर घ्या, पण हे पक्कं लक्षात असू द्या: ती टेम्पर्ड काच सपाट तोंडावर बऱ्यापैकी दणका सोसते, कडेवर आणि कोपऱ्यावर अजिबात नाही. सिरॅमिकची लादी काचेपेक्षा कठीण असते. काढलेली काच लादीवर उभी करून भिंतीला टेकवली आणि कोपरा जरा जोरात टेकला की सगळी काच एका क्षणात दाणे होऊन पसरते. असं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे, आणि माणूस काच जपूनच ठेवत होता. काच काढली की सरळ पलंगावर, गादीवर आडवी ठेवा. कॅबिनेट कुरिअरने मागवलं तर खोका उघडतानाच काच तपासा. पणजी, म्हापसा किंवा मडगावात प्रत्यक्ष पाहून घेता आलं तर माझा कौल त्यालाच. पत्रा बोटाने दाबून पाहता येतो. स्वस्त कॅबिनेटचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तो थरथरतो आणि त्यातले आटे लवकर जातात.

पुढचं तोंड जाळीचं की बंद काचेचं? किनाऱ्यावर राहणाऱ्यांना वाटतं, बंद बरं, मीठ कमी शिरेल. मला ते पटत नाही. बंद तोंडाने मशीन गरम होतं, पंखे जोरात फिरतात आणि फटीफटींतून, गाळणी नसलेल्या जागांतून हवा ओढतात. जाळीचं तोंड, त्यामागे सुटी करून धुता येणारी बारीक गाळणी, आणि पंखे मोजकेच व हळू फिरणारे, हे आपल्या हवेला उत्तम. डिचोली-सांगे भागात जिथे लाल धूळ उडते तिथेही मी हेच सुचवतो. तिथे गाळणी जास्त वेळा धुवावी लागते एवढंच.

उघडण्याआधीची तयारी. कामाच्या फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. डिस्कला काही होईल म्हणून नव्हे, पण ती आता हातात येणार आहे आणि हातातून वस्तू पडते. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बायोसमधल्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्रॅममधल्या) सेटिंगचे मोबाइलने फोटो काढा. मग मशीन अर्धा तास नेहमीच्या कामात ठेवून प्रोसेसरचं आणि ग्राफिक्स कार्डाचं तापमान टिपून घ्या. नंतर ताडून बघायला हेच आकडे लागतील.

मशीन बंद करा, भिंतीतली पिन काढा, मॉनिटर, लॅन, सगळं सोडवा आणि पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. आपल्या दमट हवेत अंगावर स्थिर वीज फारशी साठत नाही. एसी लावलेल्या खोलीत साठते. म्हणून काम एसी बंद करून करा आणि मधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या, रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा. एवढं बस्स, मनगटी पट्टा नसला तरी चालेल. आतल्या प्रत्येक जोडणीचा फोटो मात्र घ्या, विशेषतः बोर्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या बारीक वायरींचा.

पहिल्यांदा ग्राफिक्स कार्ड. मागचे स्क्रू काढा आणि स्लॉटच्या टोकाला असलेला प्लॅस्टिकचा खटका दाबा. तो कार्डाच्या खाली लपलेला असतो, बोट पोचत नाही. लोक तिथे स्क्रू ड्रायव्हर घालतात आणि तो सटकून बोर्डावर ओरखडा पाडतो. लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी वापरा. मग २४ पिनचं मोठं कनेक्टर, वरच्या कोपऱ्यातलं ८ पिनचं प्रोसेसरचं, साटाच्या केबली. खटका असेल तिथे तो दाबून तोंड धरून ओढायचं, वायर धरून नाही.

यूएसबी ३ च्या केबलपाशी थांबा. निळं किंवा काळं, रुंद तोंड, जाड ताठ वायर. त्याखाली बोर्डावर प्लॅस्टिकच्या चौकटीत १९ बारीक पिना दोन रांगांत उभ्या असतात. इतक्या वर्षांत ते तोंड घट्ट बसलेलं असतं आणि सरळ ओढलं तर चौकटच तोंडाबरोबर उपटून येते, पिना उघड्या पडतात, एखादी वाकते. एका हाताच्या दोन बोटांनी बोर्डावरची चौकट दाबून धरा, दुसऱ्या हाताने तोंड अगदी थोडं या टोकाकडून, थोडं त्या टोकाकडून वर सरकवा. घाई केली तर नव्या कॅबिनेटचे पुढचे पोर्टही चालणार नाहीत, आणि नवीन कॅबिनेट घेण्याचं तुमचं अर्धं कारण तेच आहे.

आता बोर्डाचे स्क्रू. गंजलेला स्क्रू निघत नसेल तर त्यावर गंजाचं तेल फवारू नका, ते बोर्डावर पसरतं. स्क्रू ड्रायव्हर पूर्ण जोराने खाली दाबून आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने फिरवा, मग उलट. गंज मोडल्याचा आवाज येतो आणि स्क्रू सुटतो. कधीकधी स्क्रूबरोबर खालचा स्टँडऑफही फिरत येतो. येऊ द्या, नंतर पक्कडीने वेगळा करा. सगळे स्क्रू निघाल्यावर बोर्ड आधी पुढच्या बाजूला थोडा सरकवायचा, म्हणजे मागचे पोर्ट पट्टीतून सुटतात, मग कडांना धरून उचलायचा. कूलर हलका असेल तर त्याच्या बुडाशी आधार दिलात तरी चालतं. किलोच्या पुढचा टॉवर असेल तर बोर्ड वाकू देऊ नका, दोन्ही हात वापरा. उचललेला बोर्ड वर्तमानपत्रावर किंवा त्याच्याच जुन्या खोक्यावर ठेवा.

मागच्या पोर्टांभोवतीची पातळ पत्र्याची पट्टी, जिला आयओ शील्ड म्हणतात, ती जुन्या कॅबिनेटमध्येच अडकलेली राहते. ती काढून घ्या. ती त्याच बोर्डाची असते, दुसरी बसत नाही, आणि सुटी मिळणं फार कठीण. भंगारात गेलेल्या कॅबिनेटबरोबर ती गेली म्हणून माझ्याकडे येणारे लोक पुष्कळ आहेत. तिला गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा, पुसून कोरडी करा. कडा धारदार असतात, बोटं सांभाळा.

बोर्ड बाहेर आलाय तर तो नीट तपासायची हीच संधी. खिडकीच्या उजेडात तिरका धरून बघा. नुसती धूळ असेल तर मऊ ब्रश आणि ब्लोअर. पंख्यावर हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवा, वेगाने फिरली तर बेअरिंग खराब होतं. पिनांच्या मुळाशी हिरवट किंवा पांढरी भुकटी दिसली तर ते मीठ आणि तांब्याचा गंज. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ टूथब्रशवर घेऊन हलक्या हाताने घासा, छताच्या पंख्याखाली तासभर सुकू द्या. पाणी नको, सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि इतर पदार्थ असतात. रॅमचे सोनेरी पट्टे खोडरबराने घासायची सवय आपल्याकडे सगळ्यांनाच आहे. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, तेव्हा पट्टे काळवंडलेले असतील तरच पांढऱ्या मऊ खोडरबराने एकदा हलकेच घासा आणि अल्कोहोलने पुसून घ्या. काळवंडलेले नसतील तर रॅम काढूच नका. गंज बोर्डावरच्या बारीक चिपांच्या पायांपर्यंत पोचलेला दिसला तर मात्र तिथेच थांबा आणि जाणकाराला दाखवा.

नाण्याच्या आकाराची सीआर २०३२ बॅटरी सहा-सात वर्षांची असेल तर आत्ताच बदला, नंतर ग्राफिक्स कार्डाखाली हात जात नाही. बॅटरी काढली की बायोसच्या सेटिंग मूळपदावर जातात. रॅमचा वेग कमी दिसेल, बूटचा क्रम बदलेल, काही बोर्डांवर टीपीएम (कुलपाची की सांभाळणारी सोय) बंद होतं आणि मग बिटलॉकर ती ४८ अंकी की मागतो. फोटो आणि कागद त्यासाठीच घेतलेत.

प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधल्या थर्मल पेस्टबद्दल सगळेच विचारतात. टिपलेलं तापमान ठीक असेल तर कूलर हलवू नका. जास्त असेल तरच काढून पेस्ट बदला, आणि एएमडीचा जुना, पिना प्रोसेसरलाच असलेला प्रकार असेल तर आधी मशीन पंधरा मिनिटं चालवून गरम करून घ्या, मग कूलर डावी-उजवीकडे हलवत सोडवा. थंड, सुकलेली पेस्ट प्रोसेसरला सॉकेटमधून उपटून काढते.

नवीन कॅबिनेटमध्ये बोर्ड ठेवण्याआधी स्टँडऑफ. हे पितळेचे षटकोनी छोटे खांब, बोर्ड पत्र्यापासून काही मिलिमीटर वर उचलून धरतात. बोर्डाच्या मागे सगळीकडे सोल्डरची टोकं उघडी असतात. जिथे बोर्डाला भोक नाही तिथे कॅबिनेटमध्ये खांब राहिला, तर तो नेमका एखाद्या टोकाला टेकतो आणि बोर्ड शॉर्ट होतो. कॅबिनेट कारखान्यातून येतं ते बहुतेक पूर्ण एटीएक्ससाठी खांब लावून. तुमचा बोर्ड छोटा, म्हणजे खालच्या बाजूचे काही खांब तुम्हाला जास्तीचे. बोर्ड वरून अलगद धरून बघा, प्रत्येक भोकाखाली खांब आहे का आणि भोकाविना कुठे खांब उरलाय का. उरलेले काढून टाका, कमी असलेले लावा. काही कॅबिनेटमध्ये मधला एक खांब आट्यांशिवाय, टोकदार असतो. तो बोर्ड जागेवर बसवायला मदत करतो, तो राहू द्या, पण त्यावर बोर्डाचं भोक येतंय याची खात्री करा.

त्यानंतर शील्ड आतून दाबून चारही कोपरे टक्‌ आवाज येईपर्यंत बसवा. ८ पिनची प्रोसेसरची केबल वरच्या कोपऱ्यातल्या भोकातून आत्ताच ओढून ठेवा, बोर्ड आणि कूलर बसल्यावर तिथे हात मावत नाही. मग बोर्ड तिरका आत उतरवून पोर्ट शील्डमध्ये सरकवा. शील्डला आतून पत्र्याच्या छोट्या जिभा असतात. एखादी जीभ यूएसबीच्या किंवा लॅनच्या पोर्टात शिरून बसते आणि मग त्या पोर्टात काही लावता येत नाही. बाहेरून टॉर्च मारून प्रत्येक पोर्ट बघा, मगच स्क्रू लावा. सगळे स्क्रू आधी सैल, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतले आळीपाळीने घट्ट. बोटाने दोन-तीन वळणं सहज फिरत नसेल तर तो स्क्रू चुकीचा आहे. कॅबिनेटच्या पाकिटात दोन जातींचे स्क्रू येतात: जाड आट्यांचे एसएमपीएस आणि हार्ड डिस्कसाठी, बारीक आट्यांचे एसएसडीसाठी. बोर्डाला कुठले ते खांबांच्या आट्यांवर अवलंबून, बहुतेक ठिकाणी जाडच. जुने गंजलेले स्क्रू नव्या पत्र्यात लावू नका.

एसएमपीएस जुनाच वापरणार असाल तर त्याचा पंखा खाली गाळणीच्या जाळीकडे करा. कॅबिनेट स्टुलावर आहे, त्यामुळे खालून हवा मिळेल. तो उघडून साफ करायला जाऊ नका, पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढी वीज राहू शकते. बाहेरून ब्लोअर पुरे. आणि नवीन कॅबिनेटबरोबर एसएमपीएसही नवीन घेत असाल, दोन्ही सुट्या केबलींचे असतील, तर जुन्या केबली चुकूनही नव्याला लावू नका. केबलचं डिस्ककडचं तोंड सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या तोंडातला पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळा असू शकतो. तोंड आत जातं, बसतंसुद्धा. आणि चालू केल्यावर ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्क त्याच क्षणी जळते. जुन्या केबली सरसकट पिशवीत बांधून त्यावर जुन्या एसएमपीएसचं नाव लिहा.

पुढच्या बटणांच्या बारीक वायरी बघून लोक घाबरतात, त्यात भिण्यासारखं काही नाही. बहुतेक बोर्डांवर ९ पिनांचा एकच गट असतो, दहावी पिन मुद्दाम गाळलेली. १ आणि ३ वर डिस्कचा दिवा, २ आणि ४ वर पॉवरचा दिवा, ५ आणि ७ वर रीसेट, ६ आणि ८ वर पॉवरचं बटण. बटणांना उलटसुलट चालतं. दिव्यांना नाही, पण उलटं लागलं तर दिवा लागत नाही एवढंच, जळत काही नाही. तरी बोर्डाचं पुस्तक कंपनीच्या साइटवरून मोबाइलवर उतरवून समोर ठेवा. पुढच्या ऑडिओचं आणि यूएसबी २ चं तोंड दिसायला जुळं, पण ऑडिओत आठवी पिन नसते आणि यूएसबीत नववी. जात नसेल तर जोर करू नका. आणि यूएसबी ३ चं तोंड लावताना त्याची खाच बघून, चारी बाजू एकसारख्या खाली नेत बसवा.

पंख्यांची हवा ज्या बाजूला चौकटीचे आडवे दांडे दिसतात तिकडे बाहेर पडते. पुढचे आत ओढणारे, मागचा बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवा, म्हणजे ती गाळणीतूनच येईल. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या लावल्याशिवाय राहू नका; आपल्या घरांत पाल आणि मुंग्या तिथूनच आत जातात, आणि पाल एकदा एसएमपीएसपर्यंत पोचली की दोघांचाही शेवट होतो.

झाकण न लावता पहिल्यांदा चालू करा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावली आहे ना, बोर्डाला नाही, हे बघून घ्या. पंखे फिरतात पण चित्र नाही, तर आधी प्रोसेसरचं ८ पिनचं कनेक्टर, ते पुष्कळदा राहून जातं. मग २४ पिनचं पूर्ण खाली गेलंय का. मग रॅम काढून परत बसवा. क्षणभर चालू होऊन लगेच बंद पडत असेल तर लगेच पिन काढा, परत परत बटण दाबू नका. बहुधा कुठेतरी खांब टेकतोय किंवा बोर्डामागे स्क्रू पडलाय. अजिबात हालचाल नसेल तर एसएमपीएसमागचा स्विच, आणि नंतर ६ व ८ या पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडून बघा. त्याने चालू झालं तर बटणाची वायर चुकीच्या जागी आहे. बॅटरी बदलली असेल तर पहिल्या वेळी मिनिटभर काळा पडदा राहू शकतो, मशीन स्वतः एक-दोनदा बंद-चालू होऊ शकतं. धीर धरा.

चालू झाल्यावर उघड्या स्क्रूला हाताची मागची बाजू हलकेच लावून पाहा. मुंग्या आल्यासारखं होतं का? होत असेल तर कॅबिनेटचा दोष नाही, घराचं अर्थिंग नाही किंवा ढिलं आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमुळे, अर्थिंग नसेल तर पूर्ण पत्र्यावर २३० व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज येतं. करंट अगदी थोडा असतो, पण एचडीएमआय किंवा यूएसबीची केबल लावताना त्याच्याने पोर्ट जाऊ शकतात. चिऱ्याच्या जमिनीत हे विशेष होतं. एप्रिल-मेमध्ये जमीन खोलवर सुकते आणि पावसाळ्यात ठीक असलेलं अर्थिंग तेव्हा काम करेनासं होतं. इलेक्ट्रिशियनला बोलवून खड्डा तपासून घ्या, तोवर तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमधून लावू नका. विजा चमकायच्या दिवसांत प्लगबरोबर लॅनची केबलही काढायची असते, कारण विजेचा झटका तिच्यातूनही येतो.

सगळं जमलं की अर्धा तास तेच नेहमीचं काम चालवून तापमान पुन्हा बघा. चांगल्या जाळीच्या कॅबिनेटमध्ये आकडे आधीइतकेच किंवा थोडे खाली यायला हवेत. वर गेले असतील तर एखादा पंखा उलटा लागलाय किंवा कूलरचा पंखा फिरत नाहीये. आकडे पटले की काच लावा, स्क्रू बोटांनीच घट्ट करा.

जुनं कॅबिनेट लगेच भंगारवाल्याला देऊ नका, आठवडाभर बाजूला ठेवा. त्यातली शील्ड, डिस्कचे ट्रे, न गंजलेल्या स्लॉटपट्ट्या आणि बोर्डाला लावायचा तो छोटा बीप देणारा स्पीकर काढून घेतलात का ते एकदा बघा. स्पीकर नव्या कॅबिनेटबरोबर बहुधा येत नाही, आणि पुढे कधी चित्र आलं नाही तर नेमकं काय बिघडलंय ते त्याच्या बीपवरूनच लवकर कळतं.